टिलरचा क्लच घसरतो तेव्हा

आषाढ लागला. डिंभ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातली भातखाचरे पाण्याने भरली. रोपे लावणीला आली. आता चिखलणी झाली की लावणी करायची. रोपांना फार दिवस थांबून चालत नाही. रोप जून झाले की त्याला फुटवे कमी येतात. अशा वेळी पॉवर टिलर अडला तर काय करावे?

आंबेगाव तालुक्यातल्या एका खाचरात तसेच झाले असे समजा. भाचा टिलर चालवत होता. तो ओरडला,

"मामा, इंजिन जोरात पळतंय, पण गाडी पुढं सरकत नाही!"

"वास कसला येतोय रं?"

"जळका वास येतोय. क्लच गेला वाटतं. मंचरला जाऊन नव्या प्लेटा आणतो."

"थांब गड्या. आधी इंजिन बंद कर. दुखणं कुठं आहे ते बघू, मग औषध आणू."

मामांचे म्हणणे खरे होते. इंजिन पळते व चाक फिरत नाही, याचे कारण नेहमी क्लचच असते असे नाही. कसे ते पाहा.

इंजिनाची ताकद चाकाकडे दोन टप्प्यांनी जाते. पहिला टप्पा पट्ट्यांचा. इंजिनाच्या पुलीवरून रबरी पट्टे क्लचच्या पुलीवर येतात. दुसरा टप्पा क्लचचा. बहुतेक टिलरांत क्लच त्या मोठ्या पुलीच्या पोटात असतो. त्यात दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात. एक लायनरची, एक साध्या पोलादाची. एका प्रकारच्या चकत्या पुलीबरोबर फिरतात, दुसऱ्या आतल्या दांड्याबरोबर. स्प्रिंग त्यांना घट्ट दाबून धरते, म्हणून सगळ्या मिळून फिरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो आणि गाडी थांबते. लायनर झिजला की दाब कमी पडतो. मग चकत्या एकमेकींवर घसरतात, तापतात आणि जळका वास येतो.

म्हणून तपासणी क्रमाने करावी. इंजिन बंद करावे. चाकांना दगड लावावेत. पुली गार होऊ द्यावी. मगच झाकण काढावे.

पहिले, पट्टे पाहा. मधोमध अंगठ्याने दाबा. पट्टा फार खाली गेला तर तो सैल आहे. कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, तर पट्टा घसरत होता. सैल पट्टा ताणून घ्या. एक पट्टा तुटला तरी सगळे पट्टे एकदम बदला. नवा आणि जुना एका जोडीने ओढत नाहीत.

दुसरे, लिव्हर पाहा. ती ओढताना सुरुवातीला थोडी मोकळी चालली पाहिजे. मोकळीक मुळीच नसेल, तर क्लच सदा थोडासा सुटलेलाच राहतो व घसरतो. दांडीवरचे नट सैल करून मोकळीक द्या आणि नट पुन्हा आवळा. किती मोकळीक द्यावी ते यंत्राच्या पुस्तिकेत छापलेले असते.

मामांनी पट्टे ताणले. लिव्हरला मोकळीक दिली. तरी टिलर चिखलात घसरलाच. तेव्हा मात्र क्लच उघडला.

क्लच उघडताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. कोणती चकती कोणत्या क्रमाने निघाली ते लिहून घ्या. आतली धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. जुन्या लायनरात ॲसबेस्टॉस असू शकते. त्याची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसाचा असाध्य रोग होतो. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडके पिशवीत बांधून टाका.

आता चकत्या पाहा. लायनर पातळ झाला किंवा जळून काळा पडला, तर चकती बदला. पोलादी चकती निळी पडली किंवा वाकली असेल, तर तीही बदला. वाकली की नाही हे सपाट काचेवर ठेवून कळते. जास्त स्प्रिंगा असतील तर शेजारी शेजारी उभ्या करा. एखादी बुटकी दिसली तर ती दमली आहे. लायनरवर तेल आले असेल, तर नुसत्या चकत्या बदलून उपयोग नाही. गळके ऑइल सील आधी बदला. हा क्लच कोरडा असतो. बेअरिंगला बेताचे ग्रीस द्या. चकत्यांना मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

दुकानात जाताना यंत्राचा नंबर आणि एक जुनी चकती बरोबर न्या. नुसते "टिलरची प्लेट द्या" म्हटले, तर भलतीच प्लेट येईल आणि एक दिवस फुकट जाईल.

मामांच्या टिलरचा लायनर पार झिजला होता. भाच्याने विचारले, "इतक्या लवकर कसा झिजला?"

"खाचर लहान. तू दर वळणाला लिव्हर अर्धी धरून गाडी वळवतोस. अर्धी लिव्हर म्हणजे चकत्यांची घासाघीस. लिव्हर धरायची तर पूर्ण, सोडायची तर पूर्ण."

दुसऱ्या दिवशी चकत्या बसल्या. मामांनी आधी मोकळ्या जागेत, रोटरी बंद ठेवून, हळू वेगात टिलर चालवला. लिव्हर ओढताच गाडी जागेवर थांबते की नाही, हे तीनदा पाहिले. कारण घसरणाऱ्या क्लचने एक दिवस बुडतो, पण न सुटणाऱ्या क्लचने पाय जातो. टिलर मागे घेताना रोटरीची पाती आपल्याच पायांकडे येतात. म्हणून मागे घेताना रोटरी नेहमी बंद ठेवावी.

मग भाचा खाचरात उतरला. संध्याकाळपर्यंत दोन खाचरांची चिखलणी झाली.

प्रश्न

१. इंजिन पळते पण गाडी सरकत नाही. प्रथम काय तपासाल?
२. क्लचमधली धूळ का फुंकू नये?
३. लायनरवर तेल आले तर आधी काय बदलाल?
४. तुमच्या गावातल्या टिलरचा नंबर वाचा आणि वहीत लिहा.