लाल सदऱ्याचे वर्ष

अमेरिकेतील विद्यापीठीय कुस्तीत ‘रेडशर्ट’ हा शब्द वारंवार कानी पडतो. त्याचा शब्दशः अर्थ लाल सदरा. १९३७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या वॉरेन आल्फसन या फुटबॉलपटूने एक हंगाम सामने न खेळता केवळ सराव करण्याची परवानगी मागितली. सरावाच्या वेळी तो लाल सदरा घालीत असे, त्यावरून हा शब्द रूढ झाला, असे सांगतात. जो विद्यार्थी शिक्षण व सराव चालू ठेवतो, परंतु त्या हंगामात विद्यापीठाच्या संघातून लढत नाही, तो रेडशर्ट होय.

या प्रथेचे मूळ पात्रतेच्या नियमात आहे. प्रवेश घेतल्यापासून पाच वर्षांच्या आत खेळाडूने चार हंगाम पुरे करावेत, असा नियम नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या पहिल्या श्रेणीत कित्येक दशके चालत आला. अर्थात एक वर्ष हाताशी राहते. बहुधा ते दुखापतीत जाते, किंवा अंगी बळ येण्यासाठी वापरले जाते. ते एकदा खर्ची पडले की ऑलिंपिकच्या तयारीसाठी काही उरत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या कारणास्तव ही मुदत एका वर्षाने वाढवून घेण्याची सवलत ठेवण्यात आली. तिलाच ‘ऑलिंपिक रेडशर्ट’ म्हणतात.

कुस्तीत या सवलतीला विशेष महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. विद्यापीठांत ‘फोकस्टाइल’ कुस्ती खेळली जाते. ऑलिंपिकमध्ये मात्र फ्रीस्टाइल व ग्रीको-रोमन. फोकस्टाइलमध्ये प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून ठेवल्याचा मोबदला मिळतो. एकूण ताब्यात एक मिनिटाची आघाडी असल्यास गुण मिळतो. फ्रीस्टाइलमध्ये नुसत्या दाबून ठेवण्याला किंमत नाही. प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीकडे वळवावी लागते. ते न जमल्यास पंच दोघांनाही उभे करतो. शिवाय विद्यापीठीय हंगाम मार्चमध्ये संपतो, आणि २०१६, २०२१ व २०२४ या तिन्ही वेळी ऑलिंपिकची निवड चाचणी एप्रिलमध्ये झाली. एवढ्या अवधीत अंगवळणी पडलेले डाव बदलणे सोपे नव्हे.

तरीही ही सवलत म्हणजे यशाची हमी नव्हे. ओहायो स्टेटचा काइल स्नायडर २०१५ मध्ये जगज्जेता झाला. पुढचा हंगाम सोडण्याचा विचार बदलून तो विद्यापीठाच्या संघात परतला, मार्च २०१६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला आणि ऑगस्टमध्ये रिओ येथे त्याने सुवर्णपदक जिंकले. याउलट कॉर्नेलच्या यिआनी डायकोमिहालिसने २०१९-२० चा हंगाम सोडला. त्याच मार्चमध्ये टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकलले गेले. नंतरच्या हंगामात आयव्ही लीगने हिवाळी खेळच रद्द केले, आणि टोकियोच्या संघातही त्याला स्थान मिळाले नाही.

परंतु त्याची पात्रता संपली नव्हती. २०१८ व २०१९ च्या विजेतेपदांत त्याने २०२२ आणि २०२३ ची भर घातली. २०२२ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदकही मिळविले. नियमाचे खरे मोल येथे दिसते. मल्लाला पदक मिळवून देणे नियमाच्या हाती नाही. देशासाठी वर्ष पणाला लावणाऱ्या विद्यार्थ्याला परत येण्याची वाट मोकळी ठेवणे, एवढेच त्याच्या हाती आहे.