कागद म्हातारा का होतो?



गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीने पणजीचे जुने पत्र आणले होते. घडी उघडताच त्याचे दोन तुकडे झाले. आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटले. म्हणून आजचा पाठ कागदावर.

१५१५ साली पोर्तुगीजांनी गोव्याहून एक गेंडा जहाजाने लिस्बनला नेला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तो कधीच पाहिला नाही. नुसते वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याने गेंड्याचे चित्र काढले आणि ते लाकडी ठशाने कागदावर छापले गेले. गेंडा पुढच्या वर्षी जहाज फुटून बुडाला, पण ते छापील चित्र ५०० वर्षांनंतरही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

पत्र फाटले आणि गेंडा टिकला, असे का?

कागद म्हणजे सेल्युलोजचे बारीक तंतू. ड्यूररच्या काळी युरोपात लिननच्या चिंध्या कुटून कागद करीत. त्याचे तंतू लांब आणि शुद्ध असत. पुढे एकोणिसाव्या शतकात लाकडाचा लगदा आला. लाकूड नुसते दळून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन उरते. ते उजेडाने पिवळे पडते. शिवाय शाई पसरू नये म्हणून कागदात राळ आणि तुरटी घालू लागले. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते. हे आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडते आणि कागद पापडासारखा मोडतो.

म्हणून चित्रांच्या छपाईचा उत्तम कागद आज कापसापासून करतात. त्यात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पूड, घालतात. हवेतून आलेले आम्ल ती मारते.

करून पहा : वर्तमानपत्राचा तुकडा अर्धा वहीखाली झाकून उन्हात ठेवा. आठवड्याने दोन्ही भाग शेजारी धरा. काय दिसते ते लिहून आणा.

पालकांसाठी : घरातली जुनी पत्रे आणि मुलांची चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्यातले आम्ल शेजारच्या कागदात उतरते. चिकटपट्टी लावू नका. ऊन आणि ओल टाळा. वाचायला झेरॉक्स ठेवा आणि मूळ पत्र आम्लरहित पाकिटात जपा. आजीचे अक्षर पुन्हा मिळत नाही.

शब्दार्थ : चिंधी – कापडाचा फाटका तुकडा; लगदा – कुटून, भिजवून केलेला गोळा; राळ – झाडाचा चिकट डिंकासारखा रस; ओल – दमटपणा.