ब्रायोनिया की ऱ्हस टॉक्स?

होमिओपॅथीच्या बाटल्यांची लाकडी पेटी आणि सोबत एखादे मार्गदर्शक पुस्तक आपल्याकडे बऱ्याच घरांत असते. त्यामुळे मी एम.बी.बी.एस. असूनही, "डॉक्टर, अंग फार दुखतंय, ब्रायोनिया घेऊ की ऱ्हस टॉक्स?" असे मला विचारले जाते. प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

ब्रायोनिया युरोपातील एका वेलीच्या मुळापासून करतात. ऱ्हस टॉक्स अमेरिकेतील, अंगाला लागताच फोड आणणाऱ्या एका विषारी वनस्पतीपासून. ताप, अंगदुखी, सांधेदुखी यांवर दोन्ही सांगितली आहेत. मग निवड कशी करायची? दुखणे कशाने वाढते आणि कशाने कमी होते, हे होमिओपॅथ आधी विचारतो. ब्रायोनियाच्या रोग्याला जराशीही हालचाल सोसत नाही. खोकताना तो छाती हाताने दाबून धरतो, दुखत्या कुशीवरच निपचित पडतो. ओठ कोरडे, तहान मोठी; बऱ्याच वेळाने मागेल, पण मग तांब्याभर पाणी पिईल. कुणी बोललेलेही त्याला खपत नाही. ऱ्हस टॉक्सचा रोगी याच्या नेमका उलट. त्याला स्वस्थ पडवत नाही, रात्रभर कूस बदलतो. उठल्यावर पहिली चार पावले टाकताना जीव जातो. चालू लागला की सांधे मोकळे होतात. शेकाने बरे वाटते, भिजल्यावर किंवा ओलीत काम केल्यावर दुखणे बळावते.

हे निरीक्षण बारकाईचे आहे, आणि रोग्याला इतके प्रश्न विचारायला आम्हा डॉक्टरांना अनेकदा सवड नसते, हेही खरे. गोळ्यांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. '३०' पोटेन्सी म्हणजे शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेले द्रावण. बाराव्या वेळेनंतर मूळ पदार्थाचा एखादा कण तरी उरला असेल याची खात्री नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ साली निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजारात नाही. होमिओपॅथ मित्रांना हे पटत नाही. आमचा वाद चालूच असतो.

पण लक्षणे खोटी नसतात. वरचे ब्रायोनियाचे वर्णन पुन्हा वाचा. श्वास घेताना सुई टोचल्यासारखी कळ, कोरडा खोकला, ताप, दुखत्या कुशीवर झोपणे. वैद्यकशास्त्रात हे फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्याचे चित्र आहे, आणि आपल्या देशात त्यामागे क्षय असण्याची शक्यता नेहमी ध्यानात ठेवावी लागते. माझ्याकडे आलेला एक शेतकरी महिनाभर ब्रायोनिया घेत होता. "कळ गेली, आता फक्त धाप लागते," असे तो समाधानाने सांगत होता. कळ गेली होती ती पाणी साचल्यामुळे. सुजलेली दोन आवरणे एकमेकांवर घासतात तेव्हा कळ येते. मध्ये पाणी भरले की घासणे थांबते, कळ थांबते आणि धाप सुरू होते. एक्स-रेमध्ये उजवी छाती अर्धीअधिक पांढरी दिसली. पाणी काढून तपासले, क्षयाचे औषध सहा महिने दिले, गडी बरा झाला. ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोन आठवड्यांवर खोकला किंवा श्वासाबरोबर कळ असेल, तर पेटी उघडण्याआधी छातीचा फोटो काढावा.

ऱ्हस टॉक्सचेही तसेच. सकाळी आखडणे आणि हालचालीने मोकळे होणे ही खूण आम्हीही विचारतो. गुडघ्याची झीज असलेल्यालाही उठताना आखडते, पण सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटते. त्याचे दुखणे जिना चढताना वाढते आणि बसल्यावर थांबते. याउलट दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी तासभर मूठ वळत नाही, पोळ्या लाटताना बोटे चालत नाहीत, असे सहा आठवडे चालले असेल, तर तो बहुधा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. त्यात सांध्यांची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते आणि वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. वेळीच रक्त तपासून योग्य औषध सुरू केले, तर बहुतेकांची बोटे वाचतात.

अर्निका राहिलेच. मुका मार, अंग ठेचल्यासारखे, मऊ गादीही टोचते, जवळ कुणी आले तरी "हात लावू नका" म्हणतो, असे त्याचे वर्णन. मुका मार दोन-चार दिवसांत आपोआपही उतरतो. परंतु घरातील म्हातारे माणूस न्हाणीघरात पडले, पायावर भार देता येत नाही आणि तो पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसतो, तर खुब्याचे हाड मोडले आहे असेच समजावे. तेल चोळू नये, उभे करून पाहू नये. आहे तसे फळीवर घेऊन दवाखान्यात आणावे.