सकाळी टायमिंग चेन का वाजते?

प्रश्न : आमची डिझेल गाडी सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिनाच्या एका बाजूने खडखड येते. दोन-तीन सेकंदांत थांबते, मग दिवसभर काही नाही. गॅरेजवाले म्हणाले, "टायमिंग चेनचा टेन्शनर हायड्रॉलिक आहे, ऑइल चढेपर्यंत वाजणारच." पण साखळी ताणायला ऑइल कशाला लागतं? मोटरसायकलची मागची चेन ढिली झाली की आपण ॲक्सलचा नट सैल करून चाक मागे ओढतो आणि परत आवळतो. तसं इथे का करत नाहीत?
— एक वाचक, घुलेवाडी, संगमनेर

उत्तर : गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं आहे, फक्त त्यांच्या "वाजणारच"ला दोन-तीन सेकंदांची मुदत घाला. त्यापुढे वाजत राहिली तर प्रकरण वेगळं.

टायमिंग चेन खालच्या क्रँकशाफ्टवरून वरच्या कॅमशाफ्टला फिरवते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, असा तिचा हिशेब. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे सगळं या हिशेबावर चालतं. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, म्हणून पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर नखाएवढीही जागा उरत नाही. साखळीचा दात चुकला आणि त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. मग गॅरेजमध्ये "व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागेल" हे ऐकायची पाळी येते.

एवढी जोखीम आहे तर साखळी एकदाच कडक आवळून का टाकत नाहीत? कारण तिची योग्य लांबी दिवसभर एकच राहत नाही. थंड इंजिन आणि नव्वद अंशांना तापलेलं इंजिन यांची मापं वेगळी असतात. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. साखळी पोलादाची, हेड ॲल्युमिनियमचं आणि पुष्कळ इंजिनांत ब्लॉकही ॲल्युमिनियमचा. म्हणजे इंजिन तापलं की दोन चक्रांमधलं अंतर साखळीपेक्षा जास्त वाढतं. थंडपणी नेमकी आवळलेली साखळी घाट चढताना तारेसारखी ताणली जाईल, आणि गरम असताना नेमकी बसवलेली सकाळी लोंबेल.

शिवाय ती झिजते. "चेन लांबली" असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचा बुश कणाकणाने घासला जातो. शंभर कड्यांची साखळी धरली आणि प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा एक शतांश भाग झिजला, तर साखळी एक मिलिमीटरने लांबली. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी मिसळत असते आणि या सांध्यांवर ती पॉलिश पेपरचं काम करते.

या दोन गोष्टी सावकाश घडतात. तेवढ्याच असत्या तर एखाद्या साध्या स्प्रिंगनेही भागलं असतं. खरी अडचण आहे धक्क्यांची. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. 3000 आरपीएमला क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो, म्हणजे साखळीला सेकंदाला शंभर हिसके. त्यातच कॅम व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबताना साखळीला मागे ओढतो आणि स्प्रिंग सुटताना पुढे ढकलतो. अशा साखळीला नुसती स्प्रिंग टेकवली तर ती दर हिसक्याला दबेल आणि उसळेल. एखाद्या आरपीएमला दोघींचा ताल जुळला की साखळी फटके मारायला लागते. म्हणजे असा आधार हवा, जो सावकाश येणाऱ्या बदलाला वाट देईल आणि अचानक आलेल्या धक्क्यापुढे भिंतीसारखा उभा राहील. हे दोन्ही गुण एका स्प्रिंगमध्ये मिळत नाहीत. त्यासाठी ऑइल.

साखळीची एक बाजू क्रँक ओढत असतो, ती आपोआप ताठ राहते. ढिलेपणा साचतो दुसऱ्या बाजूला. तिथे एका टोकाला अडकवलेली, प्लॅस्टिकचा थर असलेली कमानदार पट्टी असते. गॅरेजमध्ये कुणी तिला गाईड म्हणतं, कुणी पॅड. टेन्शनर या पट्टीला पाठीमागून रेटतो. तो म्हणजे बोटभर लांबीचं एक नळकांडं, त्यात सरकणारा दट्ट्या, दट्ट्याच्या पोकळीत स्प्रिंग आणि तळाशी छर्‍याची एकमार्गी झडप. इंजिनाचा ऑइल पंप जे ऑइल बेअरिंगांना पुरवतो त्याचीच एक वाट इथे येते.

साखळी जरा सैल पडली की स्प्रिंग दट्ट्याला पुढे सारते. आत जागा होते, झडप उघडते, ऑइल आत शिरतं. पुढच्या क्षणी साखळीचा हिसका दट्ट्याला मागे दाबतो. आतलं ऑइल उलटं निघायला बघतं, तसा छर्रा बसतो आणि वाट बंद होते. कोंडलेलं ऑइल दबत नाही, म्हणून दट्ट्या जागचा हलत नाही. मात्र तो कायमचा अडकूनही चालणार नाही, कारण इंजिन तापल्यावर त्याला थोडं मागे यायचंय. म्हणून दट्ट्या आणि नळकांडं यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची फट मुद्दाम ठेवलेली असते. त्या फटीतून ऑइल झिरपत राहतं. हिसका मिलिसेकंदांत संपतो, तेवढ्यात झिरपून किती झिरपणार? इंजिन तापायला काही मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात मात्र हवं तेवढं झिरपतं. माझ्या मते या यंत्रातली सगळी हुशारी या फटीत आहे. ती जास्त ठेवली तर चेन वाजेल, कमी ठेवली तर चेन आणि पॅड दोन्ही खाल्ले जातील.

आता तुमची सकाळची खडखड. विहिरीवरच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह गळका असला की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी मोटर नुसती हवेत फिरते, हे प्रवरेकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको. टेन्शनरचंही तेच. रात्रभरात त्याच फटीतून आणि झडपेतून थोडं ऑइल उतरून जातं. चालू केल्यावर पंप ऑइल परत वर पोचवेपर्यंत साखळीला फक्त स्प्रिंगचा आधार असतो. म्हणून पुष्कळ टेन्शनरांच्या दट्ट्यावर करवतीसारखे दात आणि बाजूला खटका असतो. दट्ट्या एकेक दात पुढे जातो, पण ठरावीक मर्यादेपलीकडे मागे येत नाही. टेन्शनर रिकामा असला तरी साखळी दात चुकण्याइतकी सैल पडू नये, ही त्या खटक्याची जबाबदारी.

तुम्ही गाडीचं नाव लिहिलेलं नाही. पण पुणे-नाशिक रस्त्यावर अशा साखळीचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे 1248 सीसीचं 1.3 लिटर मल्टिजेट. मूळ फियाटचं, 2003 मध्ये आलेलं. 2007 मध्ये ते डिझेल स्विफ्टमध्ये आलं, पुढे टाटांच्या व्हिस्टात आणि फियाटच्या पुंटो-लिनियात. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, रांजणगावलाही ते बनत होतं. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 नियम लागू झाले तेव्हा मारुतीने ते बंद केलं, तरी स्टँडबाहेरच्या भाड्याच्या गाड्यांमध्ये ते अजून भरपूर दिसतं. मारुती 800 ला टायमिंग बेल्ट होता आणि तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागे. मल्टिजेटला साखळी मिळाली आणि "आता बदलायची भानगड नाही" असा समज पसरला. हा समज मला कधीच पटला नाही. बेल्ट कोरडा चालतो. साखळी आणि तिचा टेन्शनर दोघंही ऑइलवर जगतात.

म्हणून खडखडीची तपासणी डिपस्टिकपासून सुरू करा. पातळी खाली गेली असेल तर वळणावर आणि चढावर पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. फेसाळलेलं ऑइल टेन्शनरमध्ये गेलं की वरचं सगळं गणित कोसळतं, कारण हवा दबते. दुसरं ऑइलचं माप. डब्यावर 5डब्ल्यू-30 लिहिलेलं असतं त्यातला पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो. पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 सांगितलं असताना "जाड ऑइल चांगलं" म्हणून 20डब्ल्यू-50 ओतलं, तर पौषातल्या पहाटे ते टेन्शनरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेणार. तिसरं फिल्टर. चांगल्या फिल्टरमध्ये रबराची एक पाकळी असते, ती इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली उतरू देत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये ती पाकळी लवकर कडक होते. कित्येकदा फिल्टर बदलल्यावरच सकाळची खडखड गेलेली असते आणि श्रेय मात्र महागड्या ऑइलला मिळतं.

खडखड दहा-पंधरा सेकंद टिकत असेल, गरम इंजिनातही येत असेल किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर ऐकू येत असेल, तर कव्हर उघडावंच लागेल. नुसता टेन्शनर बदलून भागवायचा मोह होतो, कारण तो स्वस्त असतो. पण दट्ट्या शेवटच्या दातापर्यंत बाहेर आलेला दिसला, तर दोष त्याचा नाही, लांबलेल्या साखळीचा आहे. मग साखळी, पॅड, टेन्शनर असं पूर्ण किट घाला. नव्या टेन्शनरचा दट्ट्या पुष्कळदा पिन घालून आत दाबून ठेवलेला असतो. साखळी बसल्यावर ती पिन काढायची, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. स्टार्टर मारायचा तो त्यानंतर. एवढं करणाऱ्या मिस्त्रीने जास्त वेळ घेतला तर घाई करू नका.

प्रश्न : मी रोज पहाटे मोटरसायकलवर दुधाचे कॅन घेऊन डेअरीला जातो. गाडीत असाच टेन्शनर असतो का?
— एक दूध उत्पादक, निमगाव जाळी

उत्तर : बहुतेक मोटरसायकलींत नाही. तिथे स्प्रिंग आणि खटका किंवा स्क्रू यांच्यावर भागतं, कारण साखळी आखूड आणि सिलिंडर बहुधा एकच. सीडी 100, स्प्लेंडर या आडव्या सिलिंडरच्या गाड्यांत मात्र स्प्रिंगवर बसलेला एक दांडा ऑइलमध्येच काम करतो आणि ते ऑइल धक्के जिरवतं. तुमच्यासारख्या वापरात वेगळी भीती आहे. दोन-तीन किलोमीटर गेलं की गाडी बंद. इंजिन पुरतं तापतच नाही, आतली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये राहतं आणि ते पातळ होतं. किलोमीटर कमी भरले म्हणून ऑइल लांबवू नका, महिने मोजा.

प्रश्न : चंदनापुरी घाटात गाडी चढावर पहिल्या गिअरमध्ये लावून थांबलो होतो. मित्र म्हणाला, अशाने टायमिंग सरकतं. खरं का?
— एक वाचक, घारगाव

उत्तर : मित्राला हसू नका. हँडब्रेक कमजोर असेल आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये मागे सरकली, तर चाकं क्रँकला उलटं फिरवतात. तेव्हा साखळीची ताठ आणि ढिली बाजू बदलते. ज्या बाजूला टेन्शनर आहे तीच ताणली जाते आणि दट्ट्याला आत रेटते. इंजिन बंद असल्याने ऑइलचा दाब नाही, सगळी भिस्त खटक्यावर. खटका धड असेल तर काही होत नाही. तो दगा देतो तेव्हा काय होतं हे फोक्सवॅगन आणि ऑडीच्या 2 लिटर टीएसआय इंजिनांनी दाखवलं. त्यांच्या सुरुवातीच्या टेन्शनरांचा खटका सुटून दट्ट्या मागे जायचा आणि पुढच्या स्टार्टला साखळी दात चुकायची. कंपनीला टेन्शनरची रचना सुधारावी लागली आणि अमेरिकेत त्यावर ग्राहकांचा सामूहिक दावाही झाला.

उपाय सोपा आहे, क्रम तेवढा सांभाळा. ब्रेक दाबून ठेवून गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या आणि त्यानंतरच गिअर टाका. गाडी भरलेली असेल तर मागच्या चाकाला दगड लावा, आणि निघताना तो उचलून कडेला टाका. घाटात तसेच सोडलेले दगड काय कमी आहेत!