विधानसभेतील तरतूद गावच्या बाजारात कशी पोहोचते?

राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय स्वस्त झाले आणि काय महागले याचा तक्ता येतो. व्यापारी आपल्या मालाचे नाव त्यात शोधतो आणि पान उलटतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून बहुतेक मालावरचा कर राज्याच्या अर्थसंकल्पात ठरतच नाही. त्यामुळे आता मुंबईतील त्या चर्चेशी आपला काय संबंध, असे अनेक छोट्या व्यापाऱ्यांना वाटते.

हा गैरसमज आहे. आठवडे बाजारात फळांची पाटी मांडणारे बागवान, पानाचे तांबोळी, बांगड्यांचे मणियार, कापडाचे गठ्ठे घेऊन गावोगाव जाणारे विक्रेते, गावातील किराणा दुकानदार या सर्वांची विक्री गावकऱ्याच्या हातातील रोख पैशावर चालते. हा पैसा पिकातून येतो, तसाच तो मजुरीतून आणि सरकारी योजनांतूनही येतो. मजुरी थकली की दुकानातील उधारीची वही भरत जाते. म्हणून ग्रामीण भागासाठी विधिमंडळात पैसा कसा मंजूर होतो आणि मंजूर झालेला पैसा पुढे कोठे अडतो, हे व्यापाऱ्याने समजून घेणे आवश्यक आहे.

सभागृहाचा अधिकार किती?

महाराष्ट्र विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. अर्थसंकल्प दोन्हीकडे मांडला जातो, चर्चाही दोन्हीकडे होते. परंतु खर्चाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार फक्त विधानसभेचा आहे. धनविधेयक परिषदेकडे गेल्यावर तिला ते १४ दिवसांत परत पाठवावे लागते. तिच्या शिफारशी स्वीकारणे विधानसभेवर बंधनकारक नसते.

राज्यघटनेच्या २०२ ते २०६ या अनुच्छेदांत ही पद्धत सांगितलेली आहे. तिचे टप्पे थोडक्यात असे :

(१) अर्थमंत्री वर्षाचे जमाखर्चाचे विवरणपत्र मांडतात.

(२) त्यावर सर्वसाधारण चर्चा होते. या वेळी मतदान नसते.

(३) त्यानंतर प्रत्येक खात्याच्या अनुदानाच्या मागण्या मताला येतात. कर्जावरील व्याजासारखा काही खर्च 'भारित' असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही.

(४) मागण्या मंजूर झाल्यावर विनियोजन विधेयक संमत होते. ते झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय, म्हणजेच व्यवहारात सरकारच्या संमतीशिवाय, कोणतीही मागणी सभागृहात येत नाही. आलेली मागणी आमदार मंजूर करू शकतात, नाकारू शकतात किंवा कमी करू शकतात. ती वाढवण्याचा अधिकार त्यांना नाही. 'आमच्या तालुक्यासाठी पाच कोटी वाढवून द्या' असे आमदार भाषणात म्हणू शकतो, पण तसा ठराव मताला टाकू शकत नाही.

मग विरोधी सदस्य कपात सूचना का देतात? एखाद्या खात्याची मागणी शंभर रुपयांनी कमी करावी, अशी सूचना दिली जाते तेव्हा ते शंभर रुपये वाचवण्याचा हेतू नसतो. त्या निमित्ताने पाणीपुरवठा योजना का रखडली, रस्त्याचे काम अर्धवट का आहे, पीकविम्याची रक्कम का मिळाली नाही, हे मंत्र्याला विचारता येते आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. अडचण अशी की वेळ ठरलेला असतो. शेवटच्या दिवशी वेळ संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकून मंजूर केल्या जातात. सभागृहाचे दिवस गोंधळात गेले तर सर्वांत मोठा तोटा याच चर्चेचा होतो.

एक मोठे उदाहरण : रोजगार हमी

विधिमंडळाने मनावर घेतले तर ग्रामीण भागासाठी काय होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात मजुरांना मागेल तेव्हा काम देण्याचा प्रयोग झाला. त्यामागे वि. स. पागे होते. पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. ज्या सभागृहाला पैशाच्या मागणीवर मत देण्याचा अधिकारही नाही, त्याच्या सभापतींनी ही कल्पना पुढे आणली, हे विशेष आहे.

१९७२ साली भीषण दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. दुष्काळ सरल्यावर योजना बंद झाली नाही. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, हा मजुराचा हक्क ठरला.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या योजनेचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. सामान्य योजनेसाठी दरवर्षी सरकार ठरवील तेवढा पैसा मिळतो. तंगी आली की पहिली कात्री तिलाच लागते. रोजगार हमीला मात्र स्वतःचे उत्पन्न देण्यात आले. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला तो यासाठीच. त्याशिवाय मोटार वाहन कर, विक्रीकर आणि जमीन महसूल यांवर वाढीव आकारणी, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, शहरातील बिगर-निवासी मालमत्तेवर कर अशी साधने जोडण्यात आली. या करांतून जेवढा पैसा जमेल, तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालावी, अशी तरतूदही झाली. म्हणजे शहरातील नोकरदार आणि दुकानदार यांच्या खिशातून खेड्यातील मजुराला काम, असा हा व्यवहार होता.

हा पैसा फिरून बाजारातच आला. मजूर मजुरी घरात साठवून ठेवत नाही. बाजाराच्या दिवशी ज्वारी, तेल, मीठ, कापड यांवर ती खर्च होते. पुढे १९९०-९१ पासून फळबाग लागवड या योजनेशी जोडण्यात आली. आंबा, काजू, संत्री, डाळिंब, बोर यांच्या बागा त्यातून उभ्या राहिल्या आणि फळांच्या व्यापाऱ्याला राज्यातच माल मिळू लागला.

आपला वाटा किती?

आता प्रत्यक्ष हिशेब करू. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला वरची मर्यादा घातली आहे. ती पूर्वी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ सालच्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. महाराष्ट्रात दरमहा १० हजार रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुष कामगाराचा कर ११ महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला बरोबर २,५०० रुपये होतो. महिला कामगारांना २०२३ पासून दरमहा २५ हजार रुपयांपर्यंत हा कर माफ आहे.

समजा, एका दुकानात मालक आणि असे तीन पुरुष कामगार आहेत. चौघांचे मिळून वर्षाला १० हजार रुपये झाले. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात ग्रामीण रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने १० हजार रुपयांत ३२ दिवसांची मजुरी होते. आज योजनेच्या पैशाची व्यवस्था वेगळी असल्यामुळे हा हिशेब केवळ मोजमापासाठी आहे. पण एका लहान दुकानाचा वाटा किती मोठा असतो, हे त्यावरून कळते.

मग हा सर्व पैसा मजुरापर्यंत पोहोचला काय? १९८८ साली मजुरीचे दर किमान वेतनाशी जोडले गेले. त्यानंतर कामावरील हजेरी घटत गेली, कर मात्र चालूच राहिला. जमा झालेला कर आणि योजनेवरील खर्च यांत अनेक वर्षे तफावत राहिली. स्वतंत्र उत्पन्न आणि कायद्याचा हक्क असलेल्या योजनेचे असे होऊ शकते. ज्या योजनांना यांपैकी काहीच नाही, त्यांचे काय होत असेल याची कल्पना करावी.

२००५ साली केंद्राने महाराष्ट्राच्या धर्तीवर देशभरासाठी कायदा केला. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती आणि अकुशल मजुरीचा खर्च केंद्र उचलत असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याऐवजी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी १२५ दिवसांची आहे, परंतु महाराष्ट्रासारख्या राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागतो. म्हणजे गावातील मजुरीचा प्रश्न पुन्हा राज्याच्या अर्थसंकल्पाकडे आला आहे. राज्याने आपला वाटा वेळेवर ठेवला नाही तर कामे थांबतील आणि त्याचा परिणाम बाजारावर होईल.

पुरवणी मागण्या

मार्चमध्ये मंजूर झालेला खर्च अपुरा पडला किंवा नवी योजना आली, तर सरकार पुरवणी मागण्या मांडते. त्या बहुधा पावसाळी अधिवेशनात किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात येतात. याचे मोठे उदाहरण २०२४ चे आहे. त्या वर्षी लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत अंतरिम आणि २८ जून रोजी पूर्ण अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. तिचा वार्षिक खर्च ४६ हजार कोटी रुपये सांगण्यात आला. त्यानंतरच्या जुलै महिन्यातच सुमारे ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांत २५ हजार कोटी या एका योजनेसाठी होते.

अशा योजनेचा पैसा गावच्या दुकानात येतो, हे व्यापाऱ्यांनी स्वतः पाहिले आहे. तेव्हा विरोधासाठी विरोध करण्याचे कारण नाही. पण इतकी मोठी रक्कम एका बाजूला गेली तर रस्ते, विहिरी, पाणीपुरवठा यांच्या तरतुदीचे काय झाले, हा प्रश्न सभागृहात विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याची जागा म्हणजे पुरवणी मागण्यांवरची चर्चा.

तरतूद वेगळी, खर्च वेगळा

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक बाबीपुढे चार आकडे असतात : मागील पूर्ण वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. भाषणात बहुधा शेवटचाच आकडा सांगितला जातो.

समजा, एका ग्रामीण योजनेला चालू वर्षी १०० कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ते ७० कोटी झाले. पुढील वर्षासाठी १२० कोटी दाखवले. मथळा येईल, 'तरतुदीत २० टक्के वाढ'. पण ज्या खात्याला यंदा ७० कोटींच्या वर जाता आले नाही, ते पुढच्या वर्षी १२० कोटी कसे खर्च करणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो. शिवाय मंजूर झालेला पैसा खात्याला लगेच मिळत नाही. अर्थ विभाग तो टप्प्याटप्प्याने सोडतो. उरलेल्या रकमेची मंजुरी सामान्यतः ३१ मार्चला संपते. वर्षभर रखडलेली कामे मार्चअखेर घाईघाईने उरकली जातात, त्याचे हेच कारण.

खर्च झाल्यानंतरची तपासणीही विधिमंडळाकडेच आहे. महालेखापरीक्षकांचे अहवाल लोकलेखा समितीपुढे जातात. पंचायती राज समिती जिल्हा परिषदांचा कारभार तपासण्यासाठी जिल्ह्यांचे दौरे करते. रोजगार हमीसाठी विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे.

वाचकांनी काय करावे?

१. अर्थसंकल्पाची पुस्तके मराठीत निघतात आणि अर्थ विभागाच्या संकेतस्थळावर ठेवली जातात. सर्व वाचण्याची गरज नाही. ग्रामविकास, कृषी आणि रोजगार हमी या बाबींचे वरील चार आकडे उतरवून घ्यावेत.

२. तालुक्याच्या व्यापारी संघटनेने अधिवेशनापूर्वी आमदारांना लेखी प्रश्न द्यावेत. 'निधी वाढवा' एवढेच न लिहिता कोणत्या योजनेचा किती पैसा मंजूर झाला, किती आला, किती खर्च झाला, असे नेमके विचारावे. अशा प्रश्नाला उत्तर टाळणे कठीण जाते.

३. पंचायती राज समिती जिल्ह्यात येणार असेल तेव्हा थकलेली मजुरी, बंद पडलेली कामे यांची यादी निवेदनासोबत द्यावी.

४. ग्रामसभेत मजुरांबरोबर दुकानदारांनीही बसावे. किती जणांनी काम मागितले आणि किती जणांना मिळाले, हे तेथेच विचारता येते.

५. व्यवसाय कर वेळेवर भरून पावत्या जपून ठेवाव्यात. आपण भरलेल्या करातून गावात काय झाले असे विचारायला उभे राहाल, तेव्हा त्या पावत्या हातात असलेल्या बऱ्या.