मेगाबिट आणि मेगाबाइट : वेगाचा ताळमेळ

मापांच्या घोटाळ्याने किती नुकसान होते, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. 'मण' हा शब्द एके काळी सर्वत्र चालत असे. परंतु बंगाली मण सुमारे 82 पौंडांचा, मुंबईचा 28 पौंडांचा आणि मद्रासचा 25 पौंडांचा. भाव ठरविण्यापूर्वी 'कोठला मण?' असे विचारणे हा आपल्या वाडवडिलांचा नित्यपाठच होता. 1956 च्या वजनमापांच्या कायद्याने तो घोळ मिटविला. आता पेढीवर संगणक आल्यापासून तसलाच एक घोळ निराळ्या वेषात पुन्हा दाराशी आला आहे, आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे.

एका मार्चअखेरीस आमच्या पेढीचे सर्व हिशेब, बिले व पावत्यांची छायाचित्रे मिळून 40 गिगाबाइट माहितीची प्रत दूरच्या सर्व्हरवर ठेवावयाची होती. करारात माहिती येण्याचा वेग 100 व जाण्याचा 10 असा लिहिलेला. दिवाणजींनी हिशेब मांडला : 40,000 भागिले 10, म्हणजे 4,000 सेकंद, तासाभरात काम संपेल. रात्री नऊ वाजता सुरुवात केली. साडेदहाला पाहतो तो जेमतेम सहावा हिस्सा गेलेला! कंपनीने फसविले असे समजून आम्ही यंत्र बंद केले व घरी गेलो. त्याच आठवड्यात संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली आणि वर्षाच्या नोंदी कागदांवरून पुन्हा भरण्यात दोन महिने गेले. कंपनीने फसविले नव्हते; आमचे त्रैराशिकच चुकले होते.

चूक कोठे झाली ती पाहू. शून्य किंवा एक, एवढीच माहिती सांगणारा सर्वांत लहान घटक म्हणजे 'बिट'. हा शब्द 1948 मध्ये क्लॉड शॅनन यांच्या प्रबंधात छापला गेला. तो सुचविल्याचे श्रेय त्यांनी जॉन टुकी यांस दिले आहे. 'बाइट' हा शब्द 1956 मध्ये आयबीएम कंपनीतील वर्नर बुखहोल्झ यांनी योजिला. आज बाइट म्हणजे आठ बिट, हे ठरून गेले आहे. तारेवरून संकेत जातात ते बिटांचे, म्हणून वाहून नेणारा आपला वेग बिटांत सांगतो. साठा करणारा मात्र बाइटांत मोजतो. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट व मोठा 'बी' म्हणजे बाइट असा संकेत आहे. पण आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नाहीत, आणि उच्चारात तर रोमन लिपीतही भेद राहत नाही. तेव्हा 'एमबी' असे न लिहिता मेगाबिट किंवा मेगाबाइट असा पूर्ण शब्द लिहून घ्यावा, हे उत्तम.

महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, 'गणितसारसंग्रह' रचिला. त्याच्या आरंभीच्या प्रकरणात क्षेत्र, काल, धान्य, सुवर्ण यांची मापे दिली असून त्रैराशिक पुढे येते. आम्ही तो क्रम सोडला, एवढेच.

आता तारेच्या जाळ्याकडे वळू. इथरनेटचे प्रमाण 1983 मध्ये सेकंदास 10 मेगाबिटांचे होते; 1995 मध्ये ते 100 झाले आणि 1999 मध्ये साध्या तांब्याच्या तारेवरही 1,000. आठाने भागता हे अनुक्रमे 1.25, 12.5 व 125 मेगाबाइट होतात. परंतु हे बारदानासह वजन आहे! माहितीचे एक पूर्ण भरलेले पुडके तारेवर 1,538 बाइटांची जागा अडविते. त्यातील पत्ता, तपासणीच्या खुणा व दोन पुडक्यांमधील अंतर वजा जाता निव्वळ माल 1,460 बाइट, म्हणजे शेकडा 95 च्या आतबाहेर. म्हणून 100 मेगाबिटांच्या तारेवर सेकंदास सुमारे 11.9 मेगाबाइट आणि 1,000 च्या तारेवर 118 ते 119 मेगाबाइट मिळाले, तर तार निर्दोष समजावी. विंडोज यंत्रणा 1,000 ऐवजी 1,024 ने मोजते, त्यामुळे पडद्यावरील आकडा आणखी थोडा कमी दिसतो. मेगाच्या पायरीवर हा फरक शेकडा पाचाच्या आत आहे, म्हणून त्याचा बाऊ करू नये.

इतर साधनांची तुलनाही याच मापाने करावी. 2000 मध्ये आलेल्या यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचा वेग 480 मेगाबिट, म्हणजे 60 मेगाबाइट; प्रत्यक्षात 30 ते 40 पदरात पडतात. फिरत्या तबकडीची चांगली हार्ड डिस्क सेकंदास 150 मेगाबाइट देते. हे 1,200 मेगाबिट झाले. अशा वेळी 1,000 मेगाबिटांची तार हीच अरुंद गल्ली ठरते, आणि नवी डिस्क घेऊन काही साधत नाही. बिनतारी यंत्राच्या खोक्यावर 866 असा आकडा असला तरी हुरळून जाऊ नये. हवा सर्वांची सामायिक, आणि त्या मार्गाने देणे व घेणे आळीपाळीने चालते. निम्म्याहून थोडे अधिक मिळाले तरी पुष्कळ. तारेवर मात्र देणे व घेणे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालते. म्हणून मुख्य संगणक व साठ्याचे यंत्र तारेनेच जोडावे, असे माझे मत आहे.

आमचा हिशेब आता असा : 40 गिगाबाइट म्हणजे 3,20,000 मेगाबिट, भागिले 10, म्हणजे 32,000 सेकंद, अर्थात 8 तास 53 मिनिटे. बारदान धरून साडेनऊ तासांच्या आसपास. दिवाणजी रात्री नऊला काम सुरू करून देतात, यंत्रावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवितात, आणि सकाळी पेढी उघडल्यावर पहिल्याने तेवढे पाहून मगच गादीवर बसतात.