जुन्या कॅमेऱ्याचा पावसाळी हिशेब

वापरलेला डिजिटल कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला: शटर काउंट किती? विकणाराही तोच आकडा पुढे करतो, कारण आकडा ऐकला की समोरच्याला आपण तपासणी केल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं, की नेऱ्यात किंवा गाढी नदीच्या या खोऱ्यात राहून पंचवीस-तीस हजारांत कॅमेरा जमवणाऱ्याने हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर ढकलावा. शटर हा झिजणारा यांत्रिक भाग आहे. निकॉन डी७०००चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं, म्हणजे दीड लाखाव्या क्लिकला ते बंद पडेल असं नाही, आणि तिथपर्यंत चालेलच अशीही हमी नाही. बंद पडलं तर ते बदलता येतं. उलट कमी आकडा म्हणजे निरोगी कॅमेरा, हेही खरं नाही. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६००मध्ये नव्याकोऱ्या अवस्थेतच सेन्सरवर तेलाचे ठिपके पडायच्या तक्रारी आल्या आणि पुढे कंपनीने शटर फुकट बदलून दिली. अशा मॉडेलची कमी वापरलेली बॉडी जास्त वापरलेल्या, पण शटर बदललेल्या बॉडीपेक्षा वाईट ठरू शकते.

पहिला प्रश्न विचारायचा तो काचेचा. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर घरातली हवाही ओलीच असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर बराच काळ राहिली की लेन्सच्या आत फंगस धरायला लागतो. अंधार आणि बंद पिशवी त्याला मानवते. कपाटात जपून ठेवलेली चामडी केस तर त्याचं माहेरघर. फंगस नुसता डाग नसतो. त्यातून सुटणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, म्हणून फंगस पुसला गेला तरी त्याची खूण राहू शकते. तो पुढच्या किंवा मागच्या काचेवर असेल तर साफ होतो, पण एकमेकांना चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये शिरला असेल तर ती दुरुस्ती स्वस्त लेन्सला परवडत नाही. म्हणून ‘वर्षभर वापरलाच नाही, तसाच ठेवलाय’ हे वाक्य आपल्या हवेत कौतुकाचं नाही, सावध करणारं आहे. लेन्सची दोन्ही झाकणं काढावीत, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा आणि पुढून कोन बदलत बघावं. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावेत, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. बारीक फांद्या फुटलेले धागे किंवा दुधाळ पडदा दिसला तर किंमत कितीही खाली येवो, उठावं.

दुसरा प्रश्न माउंटचा, म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात त्या जोडाचा. स्वस्त बॉडी बहुतेकदा इथेच महाग पडते. सॅमसंगची एनएक्स मालिका किंवा निकॉन १ यांच्या बॉडी आजही चांगला फोटो देतील, पण दोन्ही मालिका कंपन्यांनी सोडून दिल्या. पुढची लेन्स शोधायची कुठे आणि बिघडलं तर सुटा भाग कुठला? कॅननचा ईएफ माउंट १९८७चा, निकॉनचा एफ १९५९चा. जुन्या बाजारात या दोघांच्याच लेन्स मुबलक मिळतात. दुरुस्तीसाठी पनवेलहून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला जाते, आणि तिथून फोर्टातला बोरा बाजार पायी गाठता येतो. पण नुसतं नाव सारखं असून भागत नाही, आणि हा सापळा नीट समजून घ्यायला हवा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी स्वस्त एएफ-डी लेन्स लावली की फोकस हाताने फिरवावा लागतो. मोटर असलेली डी९० किंवा डी७००० घेतली, तर नव्या एएफ-पी लेन्स तिच्यावर फोकसच करत नाहीत. कॅननमध्ये गोंधळ कमी: कॅननची कोणतीही ईएफ लेन्स कॅननच्या कोणत्याही डीएसएलआरवर चालते. ईएफ-एस मात्र फुल-फ्रेमवर बसत नाही, आणि सिग्माच्या फार जुन्या लेन्स डिजिटल बॉडीवर एरर देऊ शकतात. म्हणून मी पैसे कमी असलेल्याला आधी कॅननकडे बघायला सांगेन, निकॉन वाईट आहे म्हणून नव्हे.

आता पैसे कुठे घालायचे? इथल्या माणसाला कॅमेरा लागतो तो बहुतेक अंधारातच. आगरी हळद रात्री रंगते. कर्नाळ्याचं जंगल भर दुपारीही सावलीचं, आणि रायगडचा जिल्हापक्षी असलेला तिबोटी खंड्या तर ऐन पावसात दाट झाडीखाली वावरतो. (त्याच्या घरट्यापाशी मात्र कुणी ठाण मांडू नये.) किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६वर येते, ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. दहापट प्रकाशाची ही झेप फक्त बॉडी बदलून मिळवायची तर बजेट कुठल्या कुठे जाईल. म्हणून अर्ध्याहून जास्त रक्कम लेन्ससाठी बाजूला काढावी आणि उरलेल्यात तिला चालणारी, दहा-बारा वर्षं जुनी का असेना, बॉडी घ्यावी. पक्ष्यांसाठी ५० मिलिमीटर अपुरी पडते हे खरं. तिथे २५० किंवा ३०० मिलिमीटरची मंद झूम घ्यावी लागेल आणि फोटोतले दाणे सोसावे लागतील. या पैशात लांबही आणि उजेडाचीही अशी लेन्स मिळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: डीएसएलआर आता मेलं, मिररलेस घ्या. कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट २०१८मध्ये आणले आणि नवं काम तिकडे वळलं, हे मान्य. पण त्यामुळेच तर जुन्या लेन्स आवाक्यात आल्या. ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालते, म्हणजे आज लेन्समध्ये घातलेला पैसा उद्या वाया जात नाही. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्स तशीच चालते, पण एएफ-डीचा फोकस तिथेही हातानेच. दुसरा आक्षेप मोबाइलचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. घरचे वाढदिवस, सहली, गाढेश्वरच्या धरणावरचा पाऊस एवढंच टिपायचं असेल तर मोबाइल पुरतो. तिथे जुना कॅमेरा घेणं म्हणजे हौस, आणि हौसेला माझी ना नाही. हळदीच्या ऑर्डरी किंवा पक्षी डोक्यात असतील, तरच वरचा हिशेब लागू.

व्यवहार घरात, ट्यूबलाइटखाली करू नये. दिवसा, उघड्यावर, स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जावं. एफ १६वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग उघडे पडतात. बिलावरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळवून घ्यावा. बॅटरी फुगलेली नाही ना, आणि दुसरी बाजारात मिळते ना, हे पैसे देण्याआधी बघावं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर यांचा खर्च बजेटमध्येच धरावा, कॅमेरा आल्यानंतर नव्हे. मीटर चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सिलिका जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की दाणे तापवून कोरडे करून पुन्हा वापरता येतात.